ती अशी वागणारच नाही

‘शुभ्रा अशी वागणारच नाही.’ वाकडला कस्पटे वस्तीत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक काकू हे वाक्य आजही तितक्याच ठामपणे म्हणतात. मालिका संपून वर्षं लोटली. शुभ्रा त्यांच्या नात्यातली नाही, गावाकडची नाही. कोणीतरी लिहिलेली आणि पडद्यावर दिसलेली ती एक सून. तरी काकूंच्या आवाजात जी खात्री असते, ती मला फार मोलाची वाटते. कामाला निघण्याआधी तुमच्या हातात पाच मिनिटं असतील, तर आज त्या खात्रीबद्दलच बोलू या.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. झी मराठीवर रात्री साडेआठला आधी ‘तुला पाहते रे’ लागायची. ती प्रेमकथा म्हणून सुरू झाली होती. पुढे गोष्टीत पुनर्जन्म आला, आणि सुबोध भावे यांनी रंगवलेला विक्रांत सरंजामे पहिल्या बायकोचा खुनी निघाला. ज्या बायका त्याच्यासाठी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येऊन बसायच्या, त्या चांगल्याच हिरमुसल्या. जुलै २०१९ मध्ये ती संपली आणि त्याच वेळेला ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. आसावरी ही विधवा, सगळ्यांचं करत राहणारी, स्वतःसाठी काही न मागणारी सासू. ती भूमिका निवेदिता सराफ यांची. लाडावलेला मुलगा सोहम, म्हणजे तिचा बबड्या, झाला होता आशुतोष पत्की. कडक आजोबा होते रवी पटवर्धन. आणि सून शुभ्रा झाली होती तेजश्री प्रधान. सासूलाही तिचं स्वतःचं आयुष्य असावं, हे या सुनेला कळतं. घरच्यांचा विरोध पत्करून ती सासूचं लग्न शेफ अभिजित राजे यांच्याशी लावून देते. ते होते डॉ. गिरीश ओक.

काकू आणि त्यांची सून ही मालिका एकत्र पाहायच्या. सून हिंजवडीला नोकरी करते. भूमकर चौकातून सुटका झाली की साडेआठपर्यंत कशीबशी घरी पोचायची. तोवर काकूंच्या पोळ्या झालेल्या असायच्या. दोघी ताटं घेऊन समोर बसायच्या. लातूरकडून मुलाकडे राहायला आलेल्या काकूंना या मोठ्या सोसायटीत सुरुवातीला कोणी बोलायला नव्हतं. सुनेशी काय बोलावं हेही सुचायचं नाही. शुभ्रा आणि आसावरीने त्यांना एक विषय दिला. ‘आज आजोबा फार बोलले तिला’ इथून सुरुवात व्हायची. मग काकूंच्या स्वतःच्या सासऱ्यांपर्यंत गोष्ट जायची. सुनेला तिच्या नवऱ्याच्या आजोबांबद्दल जे कळलं, ते सगळं त्या जेवणांच्या वेळी कळलं.

मार्च २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ संपली आणि लगेच ‘अग्गंबाई सूनबाई’ सुरू झाली. घर तेच, माणसं तीच, काळ काही वर्षं पुढे गेलेला. पण शुभ्रा आता उमा पेंढारकर होती आणि सोहम अद्वैत दादरकर. कलाकार बदलले, हे काकूंनी चार दिवसांत पचवलं असतं. मराठी प्रेक्षक चेहरा बदलला म्हणून रुसून बसत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये रसिका सुनील २०१८ मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, तिच्या जागी ईशा केसकर शनाया झाली, आणि २०२० मध्ये रसिका परत आली. बायकांनी थोडी कुरकुर केली आणि पुढे पाहत राहिल्या. कारण दोघींच्या तोंडी शनाया शनायाच होती. इथे मात्र शुभ्राचा स्वभावच बदलला. नवऱ्याचं चुकलं तर तोंडावर सांगणारी मुलगी आता बोलताना अडखळत होती. आत्मविश्वास गमावून बसली होती. नवरा फसवतोय, हे घराबाहेरच्यांना दिसत होतं आणि तिला नाही. तिला पुढे पुन्हा उभं करायचं, असं लेखकांच्या मनात असणारच. पण काकूंना तिथवर थांबणं जमलं नाही. ‘आसावरीला लग्नाला उभी करणारी पोरगी ती. तिला नवऱ्याचं खोटं कळणार नाही?’ असं म्हणून त्यांनी रिमोट सुनेच्या हातात दिला. बऱ्याच घरांत असंच झालं असावं. ऑगस्टमध्ये मालिका आटोपली आणि तिच्या वेळेला ‘माझी तुझी रेशीमगाठ’ आली.

काकूंचा अपेक्षाभंग खरा होता. त्याला कोणी ‘अहो, मालिकाच आहे ती’ म्हणून उडवून लावू नये. दीड-दोन वर्षं रोज अर्धा तास ज्या माणसासाठी दिला, ते माणूस असं मोडलेलं पाहणं सोपं नसतं. ज्यांना एकटेपणात एखाद्या मालिकेने सोबत दिली आहे त्यांना हे पटेल.

पण मला सांगायचं आहे ते काकूंच्या रागाबद्दल. तो राग कोणावर होता ते पाहा. काकू लेखकांवर चिडल्या. वाहिनीवर चिडल्या. टीआरपीवर तर फारच चिडल्या. शुभ्रावर मात्र एकदाही नाही. समोर दिसत होतं ते सगळं शुभ्राच करत होती. तीच गप्प बसत होती, तीच फसत होती. तरी काकूंचा निकाल स्पष्ट होता. ही तिची चूक नाही, तिच्याकडून हे करून घेतलंय. तिच्यामागे काहीतरी बिघडलंय.

आणि खरोखरच मागे पुष्कळ काही घडत असतं. रोजच्या मालिकेचा आठवड्याला सहा भागांचा रतीब असतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि ते पडले की गोष्टीला नवं वळण लागतं. चांगली चालली तर पाणी घालून वाढवतात, नाही चालली तर घाईने गुंडाळतात. कलाकार सोडून जातात. त्या काळात तर करोना होता. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं ते जूनअखेरपर्यंत. डिसेंबरमध्ये रवी पटवर्धन गेले, आणि आजोबांशिवाय ते घर पुढे न्यायची वेळ आली. ‘सूनबाई’ सुरू होऊन महिना होत नाही तोच एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण बंद झालं. कितीतरी मालिकांना आपला संसार उचलून गोव्याला आणि परराज्यात न्यावा लागला. उमा पेंढारकरने तर जे लिहून आलं ते मनापासून केलं. तिला त्या दिवसांत जी बोलणी खावी लागली, ती तिची नव्हतीच. इतक्या सगळ्या गोष्टी एका सुनेच्या पडलेल्या चेहऱ्यामागे होत्या. प्रेक्षकांना त्यातल्या दोन-तीनच माहीत होत्या. तरी त्यांनी शुभ्राला दोष दिला नाही.

आता हेच घरात आणून पाहा.

सकाळी मुलगा डब्याच्या झाकणावरून आवाज चढवतो. आपण मनात म्हणतो, हा असाच आहे. सून आल्या आल्या खोलीत जाते, दार लोटून घेते. हिला आपली पर्वा नाही. नवरा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. याचं हे नेहमीचंच. मालिकेतल्या माणसाचे बिघडलेले पन्नास भाग आपण लेखकाच्या नावावर टाकतो. घरातल्या माणसाचा एकच भाग बिघडतो आणि आपण तो लगेच त्याच्या स्वभावाच्या नावावर टाकतो.

त्याच्याही मागे काहीतरी असतंच की. वाकडला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सर्व्हिस रोडवर तासभर क्लच दाबून आलेला माणूस घराचं दार उघडतो तेव्हा तो पुरता घरी आलेला नसतो. चाकणला नाईट करून सकाळी परतलेल्याला दुपारी सोसायटीतल्या ड्रिलिंगने झोप लागू दिलेली नसते. कोणाच्या फ्लॅटचा हप्ता वाढलेला असतो. कोणाच्या टीममधल्या माणसाला कालच जायला सांगितलेलं असतं. उन्हाळ्यात टँकर आला नाही, आणि त्यावरून कमिटीत भांडण करून कोणी वर आलेलं असतं. हे सगळं तो जेवणाच्या टेबलावर मांडत नाही. आपल्यासमोर फक्त त्याचा चढलेला आवाज येतो.

गेल्या वर्षी काकूंच्या घरी असं एकदा झालं. सून संध्याकाळी आली आणि ओट्यावर दूध उतू गेलेलं पाहून ताडकन बोलली. ‘एक काम धड होत नाही का या घरात?’ काकूंच्या हातून दूध उतू गेलं होतं. शब्द लागणारे होते. दुसरी कोणी असती तर दोन दिवस अबोला धरला असता, आणि तो धरायला कारणही होतं. काकू मला म्हणाल्या, ‘मला आधी वाईटच वाटलं. मग वाटलं, आपली पोरगी अशी बोलणारी नाही.’ त्यांनी ओटा पुसला. चहा टाकला. कप सुनेच्या हातात देताना एवढंच विचारलं, ‘आज काय झालं गं?’ ती रडायलाच लागली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची नोकरी त्या दुपारी गेली होती. दहा मिनिटांत सामान आवरून ती निघून गेली होती. आपलाही नंबर लागेल का, हे सून दिवसभर पोटात घेऊन बसली होती.

काकूंना हे जमलं, कारण त्यांनी सुनेला बरेच दिवस नीट पाहिलं होतं. एखाद्याबद्दल ‘ती अशी नाही’ असं म्हणायचं तर ती कशी आहे ते ठाऊक असावं लागतं. ते एका मोठ्या प्रसंगाने कळत नाही. शुभ्रा काकूंना कळली ती लग्नाच्या महाएपिसोडमुळे नव्हे. रोजच्या साध्या भागांत ती सासूच्या ताटात भाजी वाढली आहे की नाही ते पाहायची. आजोबांशी वाद घालतानाही त्यांचा मान राखायची. कोणाचा चेहरा उतरला की तिच्या आधी लक्षात यायचं. असं थोडं थोडं साठत जातं आणि मग एक दिवस माणूस कळलेलं असतं. शुभ्राला काकूंनी रोज अर्धा तास दिला, तोही हातातला फोन बाजूला ठेवून. घरातल्या माणसाला दिवसातून तेवढा वेळ मिळत असेल, तर ते घर भाग्याचं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, आणि ती त्याच मालिकेत आहे. ‘माझा बबड्या तसा नाही’ असं आसावरीही म्हणायची. रोज म्हणायची. बबड्या आईला राबवायचा, खोटं बोलायचा, बायकोचा पाणउतारा करायचा आणि आई त्याच्यावर पांघरूण घालायची. २०२० मध्ये घरोघरी लोक त्या पोरावर संतापले होते, आणि आसावरीवरही. तेव्हा ‘तो तसा नाही’ हे वाक्य डोळे मिटून कोणालाही लावता येत नाही. काकूंना शुभ्रा जशी साठलेल्या भागांमधून कळली, तसा बबड्याही कळला होता. त्याच्याबाबत त्यांनी कधी लेखकाला दोष दिला नाही. तो तसाच आहे, असं त्या सरळ म्हणायच्या. घरात कोणी रोज दुखावत असेल, हात उगारत असेल, तर तो बिघडलेला एक भाग नसतो. तिथे चहाचा कप पुढे करून भागत नाही. कोणाची तरी मदत घ्यावी लागते, आणि ती घ्यावी. बहुतेक घरांत मात्र बबड्या नसतो. असतात ती दमलेली, घाबरलेली, आपली बाजू सांगता न येणारी चांगली माणसं.

त्यांच्यासाठी आज एवढं करता येईल. कोणी वेडंवाकडं बोललं तर ‘तू नेहमी असंच करतोस’ हे वाक्य ओठांवर येईल. ते सगळ्यांच्याच येतं. ते जरा थांबवून त्या माणसाचे मागचे दिवस आठवायचे. तुम्ही आजारी असताना तो रात्री औषध आणायला डांगे चौकापर्यंत गेला होता. तिने न सांगता तुमच्या बहिणीच्या मुलीची फी भरली होती. म्हातोबाच्या उत्सवात गर्दीत तुमचा हात घट्ट धरला होता. प्रत्येक घरात असं काही ना काही असतं. ते आठवलं की प्रश्न आपोआप वेगळ्या सुरात विचारला जातो. उत्तर त्याच वेळी येईलच असं नाही. पुरुषमाणसं तर दोन-दोन दिवस लावतात. मग रविवारी भाजी आणायला जाताना गाडीत बसल्यावर अचानक सांगतात. तोवर वाट पाहावी. मालिकेचा पुढचा भाग यायचीही आपण वाट पाहतोच.

हीच सवलत स्वतःलाही द्यावी, असं मला अलीकडे फार वाटतं. आपणही कधी कधी आपल्यासारखे वागत नाही. एरवी हसतमुख असलेली बाई महिनाभर सगळ्यांवर डाफरत राहते आणि रात्री तिलाच वाटतं, मी अशीच झालेय आता. कामाचा ताण, आईचं आजारपण, अपुरी झोप, हे सगळं तिला दिसतं, पण ते ती कारण म्हणून धरत नाही. दुसऱ्याला समजून घेणाऱ्या बायका स्वतःच्या बाबतीत फार कठोर असतात. अशा वेळी आरशात पाहून फारसं काही हाती लागत नाही. आपले सगळे भाग पाहिलेलं एखादं माणूस लागतं. शाळेपासूनची मैत्रीण, मोठी बहीण, गावाकडची मावशी, जुन्या चाळीतली शेजारीण. आपण दहावीत कशा होतो, पहिल्या पगाराचं काय केलं, कोणासाठी कोणाशी भांडलो, हे तिला पाठ असतं. ती आपलं रडगाणं ऐकून घेते आणि मग म्हणते, ‘अगं, तू अशी नाहीस. झालंय काय ते सांग.’

असं एक तरी नाव तुमच्या फोनमध्ये असेल. बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नसेल, तर आज करा. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की चाकण येईपर्यंत एक फोन आरामात होतो.